चौकटीबाहेरचा चौथा

"सदस्य श्री. डाम वान त्रिएउ, वय एकसष्ट, राहणार मुय त्राम, हे प्रांतिक छायाचित्र मंडळाचे ज्येष्ठ सदस्य असून किनारी निसर्गदृश्य हा त्यांचा विशेष विषय आहे. रचना आणि रंग या दोन्ही बाबतींत सदस्यांचा दृष्टिकोन शास्त्रशुद्ध आहे. समुद्र, खडक, शेवाळ आणि श्रमजीवी माणूस यांचा सुसंवाद ते आपल्या चित्रांतून साधतात. सदस्य कोणत्याही जुनाट समजुतींना थारा देत नाहीत. प्रकृती उत्तम."

मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेतला हा मजकूर त्रिएउने स्वतःच लिहून दिला होता. मंडळाने त्यात 'शास्त्रशुद्ध' हा एक शब्द घातला आणि 'विधुर' हा एक शब्द काढला, कारण विधुर असण्याचा रचनेशी काही संबंध नाही.

गावात त्याला ताम म्हणत. ताम म्हणजे आठवा. तो होता सातवा, पण आमच्याकडे थोरल्या पोराला 'दुसरा' म्हणायची रीत आहे, घरातलं पहिलं पोर कोणतं ते भुताखेतांना कळू नये म्हणून. भुतं अजून मोजत बसली असावीत. तामच्या पाठची ऊत, म्हणजे शेंडेफळ. बंदराच्या उतारावर ती मातीच्या साच्यांत तांदळाच्या टिकल्या भाजून माशाच्या रसाबरोबर विकायची. बायको गेल्यापासून ताम सकाळ-संध्याकाळ तिच्याच चुलीपाशी जेवायचा, आणि जेवताना तिच्या धुराला नावं ठेवायचा.

बाजारात त्याचा स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे फोटो, आणि माणूस गेल्यावर देव्हाऱ्यात ठेवायचे फोटो, असा एकाच माणसाचा तीन टप्प्यांतला धंदा त्याने वर्षानुवर्षं केला. फोन आले तसा पहिला टप्पा गेला, मग दुसरा. तिसऱ्यावर पोट भरणं त्याच्या जिवावर येई. मग त्याने समुद्राकडे तोंड फिरवलं.

नववर्ष उलटलं की मुय त्रामच्या खडकांवर शेवाळ चढतं. असं हिरवं की शहरातली माणसं बस भरून बघायला येतात, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर तिपाई असते. त्यांना कुठे उभं करायचं ते ताम सांगायचा. "आकाश मोठं ठेवायचं की समुद्र, ते आधी ठरवा. दोघांना सारखं वाढलंत तर दोघंही उपाशी उठतात." किंवा, "हिरवा रंग बोलघेवडा असतो. त्याच्या तोंडाला लागू नका. लालाचा एक ठिपका ठेवा, आपोआप गप्प बसतो." लोक मान डोलवत आणि आकाश-समुद्राला सारखं सारखं वाढत.

माणसांच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. मंडळाचे अध्यक्ष दाक सर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, दर सभेत एकच मंत्र म्हणायचे. एक माणूस म्हणजे एकाकीपण, दोन म्हणजे भांडण, चार म्हणजे रेशनची रांग. चित्र होतं ते तिघांचं. आणि मुय त्राममध्ये तिघांचा फोटो कुणी काढू देत नाही. तिघांतला मधला आधी जातो. हे सिद्ध झालेलं आहे, म्हणजे प्रत्येक घरात कुणीतरी मधला गेलेला आहे. कडेचेही गेलेत, पण त्यांचं कुणी लक्षात ठेवत नाही. स्टुडिओत तिघं आले की ताम बाजारातून हाताला लागेल त्याला ओढून चौथा म्हणून उभा करायचा. गावातल्या बऱ्याच लग्नांच्या फोटोंत त्यामुळे बर्फवाला आहे.

किनाऱ्यावर बर्फवाला चालत नाही. मग तोड निघाली. कुणी काढली कोण जाणे, पण सगळ्यांना पटली. कॅमेऱ्यासमोर तीन माणसं चालणार, आणि चौथा चौकटीच्या बाहेर, तिपाईच्या डाव्या अंगाला, त्याच पाण्यात पाय बुडवून उभा राहणार. चित्रात तीन, जागेवर चार. कलेचंही समाधान आणि यमाचंही. या चौथेपणाचा मानकरी होता साउ लोय. मासेमारीत एक गुडघा निकामी झालेला, तोंड मात्र धडधाकट असलेला माणूस. मुय त्रामच्या निम्म्याअधिक नावाजलेल्या छायाचित्रांत साउ लोय आहे. फक्त दिसत नाही. तो म्हणायचा, "मी नसलेल्या फोटोंना जेवढी बक्षिसं मिळालीत, तेवढी मी असलेल्या फोटोंना मिळाली असती तर म्हातारी मला जेवायला तरी बसवून वाढती."

ताम स्वतः या गोष्टी मानत नसे. तो म्हणायचा, ही लोकांची सोय आहे. लोकांना पटतं ना, मग झालं.

त्या सकाळी ओहोटी मनासारखी होती. शेवाळलेल्या खडकांची रांग डावीकडून वळण घेत पार पाण्यात शिरलेली, आणि ढग असे की फुटले तर सोनं, नाही तर राख. दोन शेजारी बोलावले होते. मधे हवा होता तामला त्याचा मेहुणा न्योन, ऊतचा नवरा. न्योनची चाल चांगली. जाळ्याचा भारा खांद्यावर घेतला तरी तो वाकत नसे. बाकीचे दोघं वाकायचे, त्यामुळे मधे एक उभी रेघ मिळायची. तामने त्याच्यासाठी लाल जाकीट आणलं होतं.

"दादा, हे बायकी दिसतंय," न्योन म्हणाला.

"समुद्राला काय कळतंय."

"ऊतला कळतं. ती वर बसून बघतेय."

"ती टिकल्या भाजतेय. चल, पाण्याच्या कडेला."

न्योन चालायला लागला, आणि मागे न वळता त्याने विचारलं, "लोयदादा आहे ना मागं?"

"आहे," ताम म्हणाला. तोही मागे वळला नाही. त्याचं लक्ष ढगांकडे होतं.

ढग फुटले. उन्हाची तिरीप खडकांवरून अशी सरकली की शेवाळ आतून पेटल्यासारखं दिसलं. तामने बटण दाबलं आणि लाट पुढे येऊन मागे सरेपर्यंत शटर उघडं ठेवलं. पाण्याचं दूध झालं. तिघं त्या दुधाच्या काठावर एक पाऊल उचलून थबकलेले, आणि मधे तो लाल ठिपका, बरोबर तिथे, जिथे हिरवी रेघ संपते आणि डोळा आता जाऊ कुठे म्हणून विचारतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तामला काही सांगावं लागलं नव्हतं. सगळं आपल्या आपण जागेवर बसलं होतं.

मग तो मागे वळला. डाव्या अंगाला, ओल्या वाळूवर, साउ लोयच्या निळ्या चपला होत्या. चपलांत कुणी नव्हतं.

लोय थोड्या वेळाने खडकामागून विजारीची नाडी बांधत आला. "झाला काय सुरू? मला वाटलं ढग अजून फुटायचेत."

"ये, उभा राहा," ताम म्हणाला, आणि आणखी काही फोटो काढले. त्यात चार जण होते, एक बाहेर. पण ऊन गेलं होतं. शेवाळ शेवाळासारखं दिसत होतं, आणि न्योन लाल जाकीट घातलेल्या माणसासारखा.

घरी संगणकावर तामने सगळे फोटो ओळीने लावले. एकच सकाळ, तीच माणसं, तीच जागा. एका फोटोच्या वेळी चौथा जरा पलीकडे होता, बाकीच्यांच्या वेळी होताच. एकूण हिशेबात चौथा आला. असं त्याने स्वतःला समजावलं. उन्हातला तो फोटो मंडळाच्या प्रदर्शनाला आणि स्पर्धेला पाठवला. दुसऱ्या दिवशी न्योन समुद्रावर गेला.

न्योन माकुळ, म्हणजे स्क्विड, मारायला जायचा. शेजारच्या बंदरातल्या एका मालकाची बोट होती, सहा माणसं, त्यातला न्योन तेवढा मुय त्रामचा. आठवडा, कधी जास्त. बोट दूर उभी करायची, आणि अंधार पडला की एकेकाने दिवा घेऊन एकेका टोपलीहोडीत उतरायचं. ती बांबूची गोल होडी, तिला ना पुढा ना मागा. आमच्याकडची माणसं असलं काम करतात आणि फोटोत मधे उभं राहायला घाबरतात.

प्रदर्शन लागलं. तामचं चित्र प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर मोठं करून टांगलं होतं. शहरातून आलेले परीक्षक त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसले, असं दाक सरांनी फोनवर सांगितलं. "परीक्षक खुर्ची ओढून बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं रे. लवकर काय तो निकाल लागेल. नवा सदरा शिवून घे."

त्याच संध्याकाळी वारा फिरला. या दिवसांत उत्तरेचा वारा येत नाही. त्या वर्षी आला. बंदरातले लाल बावटे वर चढले, आणि जवळपासच्या होड्या एकेक करून भूशिराच्या आडोशाला येऊन बसल्या, पावसात कोंबड्या बसतात तशा. न्योनची बोट नव्हती. तिचा वायरलेस उत्तर देत नव्हता. मालकाचा फोन आधी व्यग्र होता, मग बंद.

तामच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिला हाकललं. तो शास्त्रशुद्ध माणूस होता. वाऱ्याचा आणि छायाचित्राचा कार्यकारणसंबंध काय? काही नाही. मग तो उठून पुन्हा चित्र बघायचा. मधला. मधलाच.

बोटीवर आणखी पाच जण होते. त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता. तामला त्यांचीही काळजी वाटत होती, पण ती सर्वसाधारण काळजी होती, वर्तमानपत्र वाचून वाटते तशी.

सकाळी तो ऊतच्या टपरीवर गेला. चूल पेटलेली, साचे तापलेले, पण ऊतने पीठ ओतलं नव्हतं. तिच्या समोरच्या मोडक्या स्टुलावर साउ लोय बसला होता आणि बर्फ घातलेली काळी कॉफी ढवळत होता. आजूबाजूच्या बायका पाठमोऱ्या होऊन मासे निवडत होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

"दादा," ऊत म्हणाली, "तुझा तो फोटो लोक फोनवर दाखवतायत. तिघं आहेत त्यात. न्योन मधे."

"हो."

"लोयदादा होता ना बाहेर?"

तामने घसा साफ केला. तो काही बोलायच्या आत लोय कॉफीतून मान वर न करता म्हणाला, "होतो की. जाणार कुठं? डाव्या हाताला, घोटाभर पाण्यात. असलं गार पाणी होतं की गुडघा अजून शिव्या देतोय."

ऊतने श्वास सोडला. तो श्वास आवाज करून बाहेर पडला. मग तिने पळी उचलली आणि एकेका साच्यात पीठ ओतायला सुरुवात केली. पाठमोऱ्या बायकाही सैलावल्या. "मग काय घोर करतेस," त्यातली एक म्हणाली. "चौथा होता तर काय होतंय. येईल आज-उद्या."

"मी देवमाशाच्या देवळात उदबत्ती लावून आले," ऊत म्हणाली. "मनात तेवढीच एक शंका होती. तीन तिगाडा काम बिगाडा. आता नाही." आणि भावाला म्हणाली, "बस. खा. तोंड बघ कसं केलंयस, न्योन तुझा नवरा आहे की माझा?"

तामने खाल्लं. मुय त्रामच्या या उतारावर असलेल्या सगळ्या माणसांत, ज्यांना तिघांचा फोटो भोवतो असं वाटत होतं ती माणसं निवांत झाली होती. ज्याला तसं वाटत नव्हतं तो एकटाच घामाने भिजला होता.

लोय उठल्यावर ताम त्याच्या मागोमाग गेला, आणि जाळी वाळत घातलेल्या दांडीआड त्याला गाठलं.

"तू नव्हतास."

"होतो."

"साउ लोय, मी वळून बघितलं. तुझ्या चपला होत्या."

"मग? चपला कुणाच्या होत्या?"

"तुझ्या."

"बाटाच्या दुकानात असतात तशा नव्हत्या ना? माझ्या पायातल्या होत्या, झिजलेल्या, डाव्या टाचेला भोक. चपला म्हणजे अर्धा माणूस आला की नाही?"

"साडेतीन होत नाहीत."

"का होत नाहीत? तीन झाले नाहीत, एवढं बास आहे." लोयने खिशातून सिगारेट काढली, पण पेटवली नाही. "आणि मी लांब नव्हतो. खडकामागं होतो. तुझ्या फोटोत तो खडक आहे का?"

"उजव्या कडेला. टोक दिसतं."

"झालं तर. मी त्या खडकामागं, फोटोच्या आतच होतो. तुझ्या कॅमेऱ्याला दगडापलीकडचं दिसत नाही, तो त्याचा दोष."

"तू डावीकडच्या खडकामागून आलास."

लोयने सिगारेट बोटांत फिरवली. मग सिगारेट पुन्हा खिशात घालत म्हणाला, "ताम, तिला काय सांगायला पाहिजे होतं मी? की तुझा नवरा मधे चालत होता तेव्हा मी मुतत होतो? तू सांगशील?"

ताम सांगू शकत नव्हता. आणि खोटं सांगायचा दोष लोयचा असला, तरी पहिलं खोटं त्याचंच होतं. 'आहे ना मागं' असं न्योनने विचारलं होतं, आणि 'आहे' असं तो न बघता म्हणाला होता. इतर वेळी तो सगळ्या जगाला सांगायचा, बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारी कडा डोळ्यांनी फिरून या. काय आत आहे त्यापेक्षा काय बाहेर राहिलंय ते आधी बघा. तेवढी एक कड त्याने बघितली नव्हती.

दुपारी वारा पडला नाही. समुद्र करडा झाला होता, असा करडा की त्याला स्वतःचा रंग आठवत नसावा. तामने मोटरसायकल काढली आणि मंडळाचं प्रदर्शन गाठलं.

दाक सर चित्रांखाली पाट्या लावत होते. "ये, ये, मानकरी. सदरा शिवलास?"

"सर, ते चित्र काढून घ्या."

"कुठलं?"

"माझं. स्पर्धेतूनही मागे घ्यायचंय."

सरांनी टाचण्यांची डबी खाली ठेवली. "डोकं ठिकाणावर आहे का? पहिलं आहे ते. जाहीर व्हायचंय तेवढं."

"हिरवा जास्त झालाय," ताम म्हणाला. वाटेत त्याने हे ठरवलं होतं. "शेवाळ अंगावर येतंय."

"हिरवा जसा पाहिजे तसा आहे. लाल ठिपका त्याला धरून ठेवतो. हे तूच तर पोरांना शिकवतोस."

"लाल फार मधे आहे."

"मधे नाही. एक तृतीयांशाच्या रेघेवर आहे. मी पट्टी लावून बघितलंय."

"क्षितिज..."

"सरळ आहे."

"पाणी जास्त गुळगुळीत झालंय. खोटं वाटतं. त्या वेळी लाट अशी नव्हती."

"पाणी खोटं वाटायला लागल्यापासूनच आपल्या मंडळाची भरभराट झाली आहे." सर जवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि चित्राकडे न बघता तामच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग चित्रातल्या मधल्या माणसाकडे. "हा तुझा मेहुणा ना? माकुळवाला?"

"हो."

"बोट?"

"अजून नाही."

सरांच्या डोक्यावर भिंतीवरच मंडळाचं उद्दिष्ट रंगवलेलं होतं: जुनाट समजुती झुगारून नव्या जीवनाचं सौंदर्य टिपणे.

"साउ लोय कुठे होता?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

तामने मान खाली घातली.

"अरे, मग आधी सांगायचं ना," दाक सर म्हणाले, आणि पुढचा प्रश्न न विचारता त्यांनी शिडी ओढली. वयाच्या मानाने ते भराभर चढले. चित्र खाली उतरवलं, तोंड भिंतीकडे करून ठेवलं, आणि हात विजारीला पुसले. "परीक्षकांशी मी बोलतो. जागा रिकामी ठेवता यायची नाही. दुसरं काही आहे?"

दुसरं होतं. अगदी सुरुवातीला, जागा ठरवताना काढलेला एक फोटो. त्यात साउ लोय अजून बाहेर सरकला नव्हता. डाव्या कडेला तो पाठ खाजवत उभा होता, अंगात कुठल्याशा हॉटेलने फुकट वाटलेला नारिंगी रेनकोट. त्या नारिंगीने लाल ठिपक्याचा जीव घेतला होता. ऊन नव्हतं. डोळा हिरव्या रेघेवरून चालत जाई आणि मधेच वळून म्हणे, हा माणूस कोण?

"चार आहेत ना?" सरांनी विचारलं.

"चार आहेत."

"मग लावू."

ताम घरी आला. छापलेली प्रत त्याने सरांकडून आणून चुलीत घातली होती, पण मूळ चित्र संगणकात होतं, कार्डात होतं, आणि वेगळ्या डबीत जपून ठेवलेल्या नकलेत होतं. जोवर ते कुठेतरी आहे तोवर तीन माणसं कुठेतरी चालतायत, आणि मधला मधे आहे.

त्याने ते शेवटचं उघडून बघितलं. खरं म्हणजे बघायचं नाही असं ठरवलं होतं. हिरवी रेघ अजून तशीच पेटलेली होती. पाण्याच्या दुधाला खाली निळी झाक होती, ती छापील प्रतीत आली नव्हती. ती फक्त इथे होती. न्योनचा पाय उचललेला होता. तामला वाटलं, पाय खाली ठेवायला हवा होता त्याने. तो खाली ठेवेपर्यंत आपण थांबायला हवं होतं. मग त्याने आधी डबीतलं पुसलं, मग कार्डातलं, मग संगणकातलं. यंत्राने विचारलं, खात्री आहे? त्याला खात्री नव्हती. त्याने 'हो' दाबलं.

अंधार पडायच्या आत फोन वाजला. अनोळखी नंबर.

"दादा? मी न्योन."

तामला खुर्ची सापडली नाही. तो तिपाईच्या पेटीवर बसला.

"दादा, ऐकतोयस ना? इंजिन गेलं, मग वायरलेस जळाला. वाऱ्यानं ढकलत ढकलत आणलं दक्षिणेला. फोन पाण्यात गेला. इथं एकानं आपला फोन दिला, पण नंबर कुणाचा पाठ असणार? बायकोचाही नाही. मग डोळे मिटून तुझ्या स्टुडिओची पाटी आठवली. त्यातले दोन आकडे अदलाबदल करून लावत होतो, सारखा एक कोंबडीवाला उचलत होता. चांगला माणूस आहे, आता ओळख झालीय."

"सगळे ठीक?"

"सगळे. ऊतला सांग. आणि ते लाल जाकीट बोटीवरच होतं, वल्ह्याला बांधून हलवलं म्हणून ट्रॉलरवाल्यांना दिसलो. फाटलं पार."

ताम उतारावरून धावत गेला. एकसष्टाव्या वर्षी त्याला धावताना गावाने पाहिलं, आणि काय झालं असेल ते आधीच ओळखून कुणी रडायला लागलं, कुणी हसायला. ऊतने सगळं ऐकून घेतलं, हात पदरासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले, आणि म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? चौथा होता म्हणून निभावलं." आणि साउ लोयला तिने त्या दिवशी फुकट खाऊ घातलं, माशाच्या दुप्पट रसासकट. लोयने खाताना एकदा तामकडे बघितलं आणि आपला पाय किंचित पुढे करून निळी चप्पल दाखवली. ताम दुसरीकडे बघू लागला. त्याला ठाऊक होतं की चपलेने नाही. त्याने स्वतः दुपारी 'हो' दाबलं होतं म्हणून. हे तो कुणाला बोलला नाही. मंडळाचा सदस्य असलं बोलत नाही.

साउ लोय नारिंगी रेनकोटात प्रदर्शनाच्या भिंतीवर महिनाभर पाठ खाजवत राहिला. त्या चित्राला काही मिळालं नाही. लोय मात्र नातेवाइकांना घेऊन तीनदा बघायला गेला.

मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालात असं नमूद आहे की सदस्य श्री. डाम वान त्रिएउ यांनी 'रंगसंगतीच्या सखोल पुनर्विचारांती' आपली कलाकृती स्पर्धेतून स्वेच्छेने मागे घेतली, व हा निर्णय इतर सदस्यांनी कलात्मक प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून डोळ्यांसमोर ठेवावा.

न्योनची बोट ताम सरांकडे गेला त्या दिवशी सकाळीच दक्षिणेच्या बंदराला लागली होती. मालकाला कळलं होतं. तिकडे निघता निघता त्याने आपल्या गावातल्या पाच घरी सांगितलं, आणि सहावं घर दुसऱ्या गावात होतं.